घाम आणि योग

२१ जून २०२३ रोजी सुरतेत सुमारे दीड लाख नागरिकांनी एकाच वेळी योगासने करून विश्वविक्रम नोंदविला. तो उत्साह अभिनंदनीयच. परंतु बिक्रम चौधरी यांनी अमेरिकेत रुजविलेला, सुमारे ४० अंशांपर्यंत तापविलेल्या खोलीत ९० मिनिटे घाम गाळण्याचा प्रकार आता आपल्या शहरांतही शिरला आहे. जेथे वैशाखात नुसते बसले तरी अंगाची काहिली होते, तेथे खोली तापविण्याचे प्रयोजन काय? पतंजलींनी आसन स्थिर व सुखावह असावे असे सांगितले. हठयोगप्रदीपिकेने अतिश्रम योगास घातक ठरविले. व्यायाम म्हणून घाम अवश्य गाळावा. मात्र हृद्रोग्यांनी या उष्णतेपासून दूरच राहावे. घामाने शरीरातील पाणी घटते, चरबी नव्हे. आणि भोवळ म्हणजे समाधी तर नव्हेच!