अर्ध्या घटकाचा हिशेब

समीक्षेत ‘अनंत’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे, असे आमचे मत आहे. रुमानियातील तिर्गू जिऊ येथे कॉन्स्तांतिन ब्रांकुशीने उभारलेल्या ‘अनंत स्तंभा’विषयी लिहिताना तर तो हमखास येतो, मागोमाग आत्म्याचे ऊर्ध्वगमन येते, विश्वाचा अक्ष येतो. इंदूरच्या यशवंतराव होळकरांसाठी मंदिर उभारायला ब्रांकुशी भारतात आला होता (ते मंदिर झालेच नाही), एवढ्या आधारावर आपल्याला त्यात उपनिषदेही सहज मिसळता येतात. राहून जाते ते त्या आकाराकडे पाहणे.

तो आकार मोजता येतो. ओतीव लोखंडाचे १५ पूर्ण घटक पोलादी कण्यावर ओवलेले, वर आणि खाली एकेक अर्धा. उंची सुमारे २९ मीटर. प्रत्येक घटक दोन्ही टोकांना निमुळता, मध्यभागी रुंद. अरुंद बाजू ४५ सेंटिमीटर, रुंद ९०, घटकाची उंची १८०, म्हणजे १:२:४. एकच घटक समान अंतराने सरकवत नेल्यावर जी सममिती दिसते, ती काटेकोरपणे अनंत रचनेलाच शक्य असते. खरा स्तंभ कुठेतरी संपणारच. ब्रांकुशीने तो घटकाच्या मध्यावर, सर्वांत रुंद जागी तोडला. निमुळत्या टोकाशी थांबवला असता तर त्याचा कळस झाला असता. येथे डोळ्यांना नियम कळलेला असतो, पण पुढचा अर्धा भाग नसतो. तो पाहणाराच पुरवतो, आणि मग त्यापुढचेही.

या मोजमापात शोक कुठे आहे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, कारण १९३८ मध्ये लोकार्पण झालेला हा स्तंभ १९१६ साली जिऊकाठी लढताना पडलेल्या सैनिकांच्या स्मारकाचा भाग आहे. त्यावर एकाही सैनिकाची प्रतिमा नाही. अर्ध्यावर तुटणे हीच त्याची शोकाची भाषा आहे, असे आम्ही म्हणू. परंतु तसे म्हणण्याचा अधिकार घटक मोजल्यानंतरच मिळतो.

हा आग्रह केवळ शिल्पापुरता नाही. ज्ञानेश्वरांची ओवी साडेतीन चरणांची, हे आपल्या वर्गांत एका वाक्यात सांगितले जाते आणि पुढच्या वाक्याला अद्वैत सुरू होते. तो अर्धा चरण कानावर काय करतो, हे विचारायचेच राहते. मोजण्याला रूक्ष म्हणणारी रसिकता आम्हांला रसिकता वाटत नाही. तो आळस आहे.