गृहव्यवस्था : फळीची कड कां फुटते ?

स्वयंपाकघरांतील कपाटाचें दार दोन सूत मोठें झालें म्हणून तें कापावयास घ्यावें, आणि पाहतां पाहतां गुळगुळीत नक्षीच्या कडेवरून टवके उडावे, हा अनुभव पुष्कळ घरांतून येतो. दोष सुताराच्या हाताला दिला जातो. वास्तविक याचें कारण साधें असून तें घरांतील प्रत्येकाला कळण्याजोगें आहे.

ज्याला आपण घरोघर सनमायका म्हणतों, तो पत्रा मूळचा कागदच होय. राळेंत भिजविलेल्या कागदांचे थर उष्णतेनें व दाबानें एकजीव केले म्हणजे तो तयार होतो. अमेरिकेंत १९१२ सालीं हर्बर्ट फेबर व डॅनिएल ओ'कॉनर यांनीं ही युक्ति काढली, ती विजेच्या उपकरणांतील अभ्रकाला पर्याय म्हणून; फॉर्मायका हें नांव त्यावरूनच पडलें. हा पत्रा कठीण खरा, पण ठिसूळ. करवतीचा दांता त्यांत शिरतो तेव्हां मागें फळीचा आधार असतो. परंतु दांता ज्या बाजूनें बाहेर पडतो तेथें आधार नसल्यामुळें टवका उडतो. सर्व उपाय या एका गोष्टींत सांठविलेले आहेत.

म्हणून प्रथम नक्षीची बाजू कोठें ठेवावयाची तें ठरवावें. ढकलतांना कापणाऱ्या हातकरवतीसाठीं, तसेंच मेजांतून वर डोकावणाऱ्या गोल करवतीसाठीं, नक्षी वर असावी. उलट, हातांत धरून चालविण्याची विजेची गोल करवत व नेहमींच्या पात्याची जिगसॉ खालून वर कापतात. तेथें नक्षी खालीं हवी. गोल करवतीचें दहा इंची पातें साठ ते ऐंशी दांत्यांचें असलें म्हणजे काप साफ येतो.

रेषेवर पोलादी पट्टी धरून धारदार सुरीनें दोन‑तीनदां चीर पाडावी. पत्रा दोन्हीकडे असेल तर चीरहि दोन्हीकडे. फळीखालीं टाकाऊ फळी घट्ट आवळावी, म्हणजे बाहेर पडणाऱ्या दांत्यासमोर आधार राहतो. करवत रेषेपासून एक मिलिमीटर टाकाऊ बाजूला चालवावी व उरलेला भाग कानशीनें काढावा. कानस मात्र नक्षीकडून लाकडाकडे ढकलावी आणि परततांना उचलून घ्यावी. नक्षी मध्यावर बेतलेली असल्यास दोन्ही कडांकडून सारखें कापावें.

हें काम अंगणांत किंवा गच्चीवर करावें, मुलांना दूर ठेवावें, आणि सुताराला मुखपट्टी अवश्य द्यावी. लाकडाचा भुसा श्वासावाटें जाऊन कर्करोगास कारण होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग‑संशोधन संस्थेनें १९९५ सालीं प्रसिद्ध केला आहे.

शेवटीं एक सूचना. कापलेली कड उघडी ठेवूं नये. तिच्यावर त्याच दिवशीं पट्टी चिकटवून घ्यावी. दहा‑पंधरा माणसांच्या घरांत चूल दिवसभर थंड होत नाहीं. ती वाफ उघड्या कडेंतून आंत शिरली कीं दाबलेल्या भुशाची फळी फुगते, आणि फुगलेली फळी पुन्हां पूर्ववत् होत नाहीं. त्याच नक्षीची दुसरी फळी बाजारांत मिळेलच असें नाहीं. यास्तव करवत हातीं घेण्यापूर्वीं, "मिस्त्री, नक्षी वर कीं खालीं ?" एवढा प्रश्न गृहिणीनें अवश्य विचारावा. जाणता कारागीर या प्रश्नानें रागावत नाहीं. आपल्या कामाची कदर करणारें घर भेटलें, असेंच त्याला वाटतें.