मास्टर कोणाच्या कपाटात?

वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशिम, येथे वाकाटकांची स्वतंत्र शाखा स्थापणाऱ्या सर्वसेनाने महाराष्ट्री प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचे काव्य रचिले होते. ते आज समग्र उपलब्ध नसून, अलंकारशास्त्रकारांनी आपापल्या ग्रंथांत उदाहरणादाखल उतरून घेतलेल्या पद्यांपुरतेच उरले आहे. पोहरादेवीच्या यात्रेतील बंजारा गाणी, भीमगीते आणि हल्ली वऱ्हाडी बोलीतले रॅप मुद्रित करणारे आमचे गायक, वादक व स्टुडिओचालक जेव्हा एकरकमी मोबदल्यावर मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, आणि सारे हक्क परगावच्या कंपनीच्या स्वाधीन करतात, तेव्हा आम्हांला त्या हरवलेल्या काव्याचे स्मरण होते आणि मन विषण्ण होते.

परगावच्या कंपनीवाचून चालण्याची वाटही आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागातील ह्यूस्टन शहरी जेम्स प्रिन्स यांनी १९८६ साली ‘रॅप-अ-लॉट’ ही ध्वनिमुद्रणसंस्था काढली, त्या वेळी रॅप संगीताची सूत्रे न्यूयॉर्क व लॉस एंजेलिस येथील मंडळींच्या हाती होती; परंतु जुन्या मोटारींचा व्यापार करणाऱ्या या गृहस्थाने तिकडे अर्जविनंत्या करीत न बसता आपल्याच शहरात ‘गेटो बॉइज’ हा संच उभा केला आणि १९९१ पर्यंत दक्षिणी उच्चारांतले गाणे देशभर ऐकविले.

आपल्याकडे ही वाट अंधेरीचे रॅपर विव्हियन फर्नांडिस ऊर्फ डिव्हाइन यांनी धरली. नेझी या रॅपरसह केलेले त्यांचे ‘मेरे गली में’ हे गाणे २०१५ साली सोनी म्युझिकने प्रसिद्ध केले. २०१९ साली मात्र व्यवस्थापक चैतन्य कटारिया यांच्या साथीने त्यांनी ‘गली गँग’ ही स्वतःची संस्था स्थापून धारावीच्या एम. सी. अल्ताफसारख्या तरुणांस आपल्या छत्राखाली घेतले. आमच्या मते त्यांच्या गाण्यांहून हे कार्य मोठे आहे.

कायदाही कलावंतास अगदीच पारखा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमान्वये हक्कांचे हस्तांतरण लेखी व सहीनिशीच व्हावे लागते; मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरताच धरला जातो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा रॉयल्टीतील समान वाटाही सुरक्षित केला आहे. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे आज ज्यावर सही होते, त्याचे फळ नातवंडांपर्यंत पोहोचू शकते.

तरी आमच्या व्यवसायबंधूंनी यापुढे कोणत्याही करारनाम्यावर सही करण्यापूर्वी मुदत, प्रदेश व मास्टरची मालकी ही तीन कलमे जाणत्या वकिलाकडून वाचवून घ्यावीत, आणि मास्टरची एक प्रत आपल्या घरी जपून ठेवावी, ही कळकळीची विनंती.