आधी गेलेला जोर परत आणा

पहिला दमदार पाऊस झाला की मिरजगावच्या काळ्या रानातली पाणंद दोन-तीन दिवस गाडीला वाट देत नाही. चिखल टायरच्या नक्षीत भरतो, चाक गुळगुळीत होते आणि जागच्या जागी फिरत राहते. कर्जत तालुक्याची ओळख दुष्काळी, पण वस्तीवरचे दूध डेअरीला घालायचे, खताची पोती आणायची किंवा आजाऱ्याला नगर-सोलापूर रस्त्यापर्यंत पोचवायचे, तर या चार दिवसांच्या चिखलाशीच गाठ पडते. म्हणून या भागात जुनी फोर बाय फोर जीप किंवा जिप्सी कुणी हौसेखातर ठेवत नाही. ती शेतीच्या अवजारांतलीच एक असते. तिचा मालक गॅरेजात येतो तो एकच तक्रार घेऊन: गाडी ओढत नाही, पिकअप गेला.

नवी थार किंवा जिम्नी घेणे सगळ्यांच्या आवाक्यातले नाही. मग स्वस्तातला उपाय सुचवला जातो: पंप वाढवून घ्या. जुन्या डिझेल इंजिनाच्या पंपाचा स्क्रू फिरवला की जास्त डिझेल जाते आणि गाडी पहिल्या आठवड्यात खरोखर चांगली ओढते. मात्र डिझेल वाढले तरी हवा तेवढीच राहते. न जळलेले इंधन काळा धूर होऊन बाहेर पडते, सिलिंडरातली उष्णता वाढते, पिस्टनचा माथा आणि हेड गॅस्केट यांच्यावर ताण येतो. वाचवलेले पैसे दुप्पट होऊन इंजिनकामात जातात. टर्बो नसलेल्या इंजिनाला मुळात हवेचीच टंचाई असते. समुद्रसपाटीपासून शंभर मीटर वर गेले की अशा इंजिनाची ताकद साधारण एक टक्क्याने घटते आणि नगर शहर सुमारे 650 मीटर उंचीवर आहे. त्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की हवा आणखी विरळ होते. म्हणजे कंपनीने कागदावर लिहिलेली अश्वशक्ती या पठारावरच्या उन्हाळ्यात पूर्ण मिळतच नाही.

म्हणून पहिला खर्च हवेवर आणि इंजिनाच्या प्रकृतीवर व्हावा. मातीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर शहरी वेळापत्रकाने बदलून भागत नाही. जुन्या जीपमधल्या ऑइल बाथ फिल्टरच्या तळाशी तर गाळाचा थर साचलेला असतो. नोझलची तपासणी, टॅपेटचे अंतर, पेट्रोल गाडीत कार्बुरेटरची सफाई आणि इग्निशनचे टायमिंग, चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, घसरणारी क्लच प्लेट, चाकाला चिकटून राहिलेला ब्रेक: या यादीत दिखाऊ असे काहीच नाही, म्हणूनच ती टाळली जाते. पण वीस वर्षांच्या गाडीची हरपलेली ताकद बहुतेक वेळा इथेच सापडते. कॉम्प्रेशन गेलेल्या इंजिनाचा पंप वाढवणे म्हणजे धाप लागलेल्या बैलाला आणखी एक पराणी टोचणे.

दुसरी गोष्ट गिअरची, आणि खरी गंमत तिथे आहे. चिखलातून गाडी निघते ती चाकावर पोचलेल्या जोरावर. हा जोर इंजिन आणि गिअर यांच्या गुणाकारातून येतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचे 2.2 लिटरचे इंजिन जेमतेम 60 अश्वशक्तीचे होते. आजची साधी छोटी मोटारही त्याहून ताकदवान असते. तरी ती जीप वाळूत आणि डोंगरात चालली, कारण तिच्या ट्रान्स्फर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीत, लो रेंज हा हळू पण जोरकस गिअर होता. याच घराण्यातली विलीज जीप महिंद्राने मुंबईच्या माझगावात जुळवायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक दशके तिचा वंश महाराष्ट्राच्या खेड्यांत चालत राहिला.

मारुती जिप्सी 1985 मध्ये आली तेव्हा तिचे इंजिन एक लिटरचे, 45 अश्वशक्तीचे होते. पुढे 1.3 लिटरचे इंजिन आले आणि 2000 साली ताकद 80 अश्वशक्तीवर गेली. या 1.3 लिटर जिप्सीत हाय रेंजचे गुणोत्तर 1.409 आणि लो रेंजचे 2.268 आहे. म्हणजे लीव्हर लोमध्ये टाकला की चाकावरचा जोर सुमारे 60 टक्क्यांनी वाढतो. इंजिनातून एवढी वाढ काढायची तर 80 ची अश्वशक्ती 128 वर न्यावी लागेल. त्यासाठी किती खर्च होईल आणि ते इंजिन किती दिवस टिकेल, हे कोणताही जुना फिटर सांगेल. वेग कमी होतो हे खरे, पण पाणंदीत वेग हवा कुणाला? लीव्हर कधीच न वापरल्याने तो गंजून बसलेल्या गाड्याही असतात. अशा मालकाने नवा सुटा भाग घेण्याआधी तो लीव्हर मोकळा करून घ्यावा.

याच जातकुळीच्या सुझुकी गाड्यांचे परदेशातले शौकीन इंजिनाला हात न लावता ट्रान्स्फर केसचे दाते बदलतात. जुन्या एक लिटर मॉडेलची लो रेंज 2.511 ची होती. ती 1.3 लिटरच्या गाडीत बसवली की आणखी 11 टक्के जोर मिळतो.

आणि इथेच आपल्याकडची मोठी चूक दिसते. जिप्सीचे मूळ टायर 205/70 आर 15 मापाचे, व्यास साधारण 67 सेंटिमीटर. रुबाबासाठी 235/75 चे टायर चढवले की व्यास 73 सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि चाकाच्या कडेला मिळणारा जोर नऊ टक्क्यांच्या आसपास घटतो. वर लोखंडी बंपर, विंच, छतावर कॅरिअर. जिप्सीचे स्वतःचे वजन साधारण हजार किलो आहे. त्यावर शंभर किलो लोखंड लादले की दहा टक्के भार वाढलाच. पैसे देऊन ताकद घालवायची आणि मग ती परत आणायला पुन्हा पैसे द्यायचे, असा हा व्यवहार आहे.

इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना हे गणित पाठ असते. 2007 पासून भारतात होणाऱ्या बाहा एसएई स्पर्धेत मुले एकट्या चालकाची छोटी, खडतर वाटेवर चालणारी गाडी स्वतः बनवतात. पुण्याच्या सीओईपीसारख्या संस्थांचे संघ त्यात उतरत आले आहेत. या स्पर्धेची मूळ अट अशी की इंजिन सर्वांना सारखे, छोटे, आणि त्याची ताकद वाढवायची नाही. मग चुरस उरते ती वजन, गिअर आणि सस्पेन्शन यांची. इंजिनीअर घडवण्यासाठी ही अट उपयोगी ठरते, तर मिरजगावच्या फिटरला हे गणित ठाऊक नाही असे समजण्याचे कारण नाही. त्याच्याकडे फक्त मोजायची साधने नाहीत.

त्याच्याकडे गाडीत बदल करण्याची परवानगीही नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सांगते की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ ठामपणे मांडला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. सुरक्षेची काळजी रास्त आहे. ब्रेक जुनेच ठेवून दुप्पट ताकदीचे इंजिन बसवलेली गाडी रस्त्यावर येऊ नये, यात वाद नाही. पण ब्रेक, वजन आणि वेग यांना धक्का न लावता लो गिअर अधिक जोरकस करणाऱ्यालाही रीतसर तपासणीची जवळची वाट दिसत नाही, हे पटणारे नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून सुमारे 60,000 रुपयांत किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी तिचे कौतुक केले, नियमांमुळे ती आज ना उद्या अडवली जाईल हेही सांगितले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये लोहार कुटुंबाला ती मिळाली. एका उद्योगपतीच्या उदारपणाने एका कारागिराचा प्रश्न सुटला. बाकीच्यांचा तसाच आहे.

मिरजगाव ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात उत्तर तयार आहे. संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था अहिल्यानगरला, म्हणजे नगरला आहे. तिच्याकडे चाचणीचे ट्रॅक आहेत आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार वाहनांची चाचणी घेणाऱ्या मान्य संस्थांत तिचे नाव आहे. आज हे दार मोठ्या कंपन्यांसाठी आहे. परिवहन खात्याने संस्थेशी बोलून महिन्यातला एक दिवस छोट्या गॅरेजांसाठी राखावा. ट्रान्स्फर केसचे दाते, टायरचे माप, क्लच अशा मोजक्या बदलांची यादी ठरवावी, परवडेल असे शुल्क ठेवावे, ब्रेक आणि धुराची चाचणी घ्यावी आणि पास झालेल्या गाडीच्या नोंदणीत तो बदल चढवून द्यावा. सुरुवात शेतीकामाच्या जुन्या फोर बाय फोर गाड्यांपासून करता येईल. त्या संख्येने थोड्या आहेत आणि त्यांचे फिटर एकमेकांना नावाने ओळखतात.