कोल्ह्याची आंबट द्राक्षे

हाती न लागलेल्या द्राक्षांना आंबट म्हणणाऱ्या कोल्ह्याला आपण सगळेच हसतो. पण त्याला जेली करायची असती, तर आंबट द्राक्षेच त्याने शोधायला हवी होती!

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर काय किंवा आणखी कुठे काय, द्राक्षे घेताना आपण एक मणी तोंडात टाकतो आणि आंबट लागला की पुढे जातो. अंगणातल्या मांडवावरच्या वेलीचेही तेच. कोकणपट्टीच्या दमट हवेत भुरी आणि केवडा या रोगांतून वाचलेले घड पुष्कळदा आंबटच राहतात आणि वाया जातात. माझे म्हणणे असे, की त्या चांगल्या घडांची घरी जेली करावी. आणि पहिल्या खेपेला तरी पेक्टिनची तयार पुडी वापरू नये.

पेक्टिन हा फळांच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारा पदार्थ. आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1825 साली तो ओळखला आणि ‘गोठणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव ठेवले. त्याचे रेणू लांबलचक साखळ्यांसारखे असतात. पाण्यात या साखळ्यांवर ऋण विद्युत्‌भार असतो, म्हणून त्या एकमेकींना दूर लोटतात. आम्ल हा भार कमी करते, साखर पाणी आपल्याकडे ओढून घेते. मग साखळ्या जवळ येऊन त्यांचे जाळे बनते आणि रस त्यात अडकतो. हीच जेली! फळ पिकताना मात्र पेक्टिनचे तुकडे होतात आणि आम्लही घटते. म्हणून गोड द्राक्षे खाण्याची, आंबट द्राक्षे जेलीची.

भिवंडीच्या मुलांना लांब रेणूंची करामत नवी नाही. मागावर चढण्यापूर्वी ताण्याच्या सुताला खळ देतात. खळीत बहुधा पिष्ट असते आणि पिष्टाचे रेणूही लांब साखळ्यांचेच. पण पिष्टाला गरम पाणी पुरते. पेक्टिनला आम्ल आणि साखर दोन्ही लागतात.

आता कृती. मोठ्या माणसाला सोबत घ्या. उकळती जेली अंगाला चिकटून फार भाजते. एक किलो आंबट द्राक्षे कुस्करा. द्राक्षांत पेक्टिन बेताचेच असते, म्हणून त्यात एका अर्धकच्च्या पेरूच्या फोडी घाला. थोड्या पाण्यात पंधरा मिनिटे शिजवून फडक्यात टांगून ठेवा. पिळू नका, रस गढूळ होतो. रस रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला तर तळाशी बारीक खडे जमतात. ते टार्टारिक आम्लाच्या पोटॅशियम क्षाराचे स्फटिक. याच आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक निरखताना 1848 साली लुई पाश्चर यांना डाव्या-उजव्या हातांसारखी, एकमेकांची प्रतिबिंबे असलेली दोन रूपे सापडली होती!

वरचा रस अलगद ओतून घ्या. एक वाटी रसाला पाऊण वाटी साखर घालून उकळा. पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा तापमान 5 अंश वर गेले, की उतरवा. भिवंडीत हा आकडा 105 अंश सेल्सिअस. उंचावरच्या नाशिकला पाणी सुमारे 98 अंशांना उकळते, म्हणून तिथे 103. तापाचा थर्मामीटर मात्र यात बुडवू नका, तो फुटेल! तापमापक नसेल तर चमचा तिरपा धरा: दोन थेंब एकत्र येऊन पातळ पडद्यासारखे गळले, की जेली झाली.

कोणी म्हणेल, पुडीने हमखास जमते, मग हा खटाटोप कशाला? कारण पुडी तुमच्या वतीने विचार करून ठेवते. पुडीविना जेली पातळ राहिली, तर पेक्टिन कमी, आम्ल कमी की साखर कमी, हे तुम्हांलाच शोधावे लागते. कोणी साखरेवरही आक्षेप घेईल. तो रास्त आहे. तयार जेलीत निम्म्याहून अधिक साखर असते. ती पौष्टिक म्हणून खाऊ नये, पोळीवर चमचाभर पुरे.

पण करून जरूर पाहा. रसाचे तीन सारखे भाग करा. एक तसाच ठेवा, दुसऱ्यात लिंबू पिळा, तिसऱ्यात साखर निम्मी घाला. तिन्ही बाटल्यांवर चिठ्ठ्या लावा आणि दुसऱ्या दिवशी काय दिसले ते वहीत लिहा. जी गोठणार नाही, तिचे सरबत करा!