मुलगी गप्प गप्प राहते?

मैत्रिणींनो, वयात आलेली मुलगी चिडचिड करते, घुमी होते, तेव्हा आपण म्हणतो, ‘वयच तसं!’ पुष्कळदा ते खरंही असतं. पण दोन आठवडे उलटले तरी उदासी जात नसेल, झोप-भूक बिघडली असेल, आवडत्या गोष्टींतही मन रमत नसेल, तर ते नखरे नव्हेत. ते नैराश्य असू शकतं.

अशा मुलीला वाटू लागतं, ‘मी कुणालाच नको.’ मग कुणी गोड बोललं, की त्याला ‘नाही’ म्हणायचं बळ तिच्यात उरत नाही. कधी उलटंही असतं. कुणीतरी जबरदस्ती केलेली असते, म्हणूनच ती मिटून गेलेली असते.

गर्भ राहू नये, एचआयव्हीची लागण होऊ नये, यासाठी औषधं आहेत. पण ती ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. ‘आई काय म्हणेल’ या धास्तीत नेमके हेच तास निघून जातात.

म्हणून आधी ऐकून घ्या. उलटतपासणी नको, ‘लोक काय म्हणतील’ नकोच. डॉक्टरांकडे तिच्यासोबत जा. मनाच्या त्रासासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा फोन रात्रंदिवस, विनामूल्य चालू असतो.

काहीही झालं तरी आईला सांगता येतं, हे तिला आजच कळू द्या.