पाकिटाला शिव्या द्यायच्या आधी जरा स्वयंपाकघरात या

मागच्या शनिवारी कोरेगावातल्या एका शाळेच्या पालक मेळाव्याला बातमीसाठी गेलो होतो. शाळेचं नाव लिहीत नाही, वक्त्यांचंही नाही, कारण प्रश्न त्या एका माणसाचा नाही. असं भाषण आपण सगळ्यांनीच कुठं ना कुठं ऐकलंय.

वक्ते म्हणाले, "आजच्या आयांना मोबाईलसाठी वेळ आहे, पण पोरासाठी दोन भाकऱ्या थापायला वेळ नाही. पाकीट फोडायचं, पाण्यात टाकायचं, झालं! मग संस्कार कुठून येणार?"

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या पुरुषांनी जरा जास्तच जोरात वाजवल्या. मागं बसलेल्या बायका खाली मान घालून बसल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच जणींनी सकाळी साडेपाचला उठून डबे केले होते, कामावर अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती आणि मेळावा संपल्यावर घरी जाऊन परत गॅससमोर उभ्या राहणार होत्या.

मी टाळी वाजवली नाही. दोन वर्षांपूर्वी वाजवली असती. कबूल करतो, २०१५ साली मॅगीवर बंदी आली तेव्हा "मातांनो, आता तरी जाग्या व्हा" अशा मथळ्याचा लेख मीच लिहिला होता. लोकांनी तो वाचून दाखवला, फोन केले, मला बरं वाटलं. पुढं ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली, फेरतपासणीत नमुने पास झाले आणि नोव्हेंबरात पाकीट परत दुकानात आलं. त्यावर मी दोन ओळीसुद्धा लिहिल्या नाहीत. आणि मुख्य म्हणजे, त्या लेखात 'मातांनो' होतं, 'बापांनो' नव्हतं. हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

मग या वर्षी सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं, मिरजेला. बायको अठरा दिवस तिकडं. ती झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे, सगळी रजा तिथंच संपली. घरात मी, नववीतली मुलगी, पाचवीतला मुलगा आणि गुडघ्यांनी बेजार झालेली माझी आई. आईला दहा मिनिटंसुद्धा उभं राहवत नाही. म्हणजे चूल माझ्याकडं.

मी म्हटलं, काय अवघड आहे? आता बाजारात सगळं तयार मिळतं.

तर या अठरा दिवसांत जे जे आणून बघितलं, त्याचा हिशोब मांडतो. कंपन्यांची नावं देत नाही, जाहिरातही नको आणि बदनामीही नको.

अर्धवट भाजलेल्या चपात्यांचं पाकीट. तव्यावर टाकून लगेच खाल्ली तर चालते. डब्यात दिली तर दुपारी एक वाजता ती चपाती राहत नाही. पोरगा म्हणाला, "पप्पा, ही ओढली तर लांब होते." तिसऱ्या दिवशी डबा तसाच परत आला.

तयार भाजीचं पाकीट, गरम पाण्यात ठेवायचं आणि फोडायचं. वरच्या चित्रात वाटी भरून भाजी, शेजारी कोथिंबीर. आत एका माणसापुरती. रात्री उशिरा आलो आणि एकट्यानंच संपवली, मग सवयीप्रमाणं मागचं बारीक अक्षर वाचलं. १०० ग्रॅमला ५०० मिलिग्रॅम सोडियम. पाकीट ३०० ग्रॅमचं. आता ही मेख लक्षात ठेवा: पाकिटावर 'मीठ' असं लिहिलेलं नसतं, 'सोडियम' असतं. त्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. म्हणजे त्या एका जेवणात पावणेचार ग्रॅम मीठ माझ्या पोटात गेलं. मोठ्या माणसानं दिवसभरात पाच ग्रॅमच्या वर जाऊ नये असं आपली राष्ट्रीय पोषण संस्था सांगते.

पौष्टिक बिस्किटं. पुड्यावर ज्वारीचं कणीस आणि नाचणीचं चित्र. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असा नियम आहे. पहिला घटक मैदा, दुसरी साखर. नाचणी कुठंतरी शेवटाकडं, पाव्हण्यासारखी.

नूडल्स. दोन मिनिटांत होत नाहीत, हे प्रत्येक आईला माहीत आहे, मला त्या आठवड्यात कळलं. पण गाजर, मटार, एक अंडं घातलं आणि मसाल्याची पुडी अर्धीच टाकली, तर पावसाच्या संध्याकाळी दोन पोरं शांत होतात. आठवड्यातून एकदा. मला त्यात पाप दिसलं नाही.

मंडईतल्या मावशींची निवडलेली मेथी आणि सोललेला लसूण. दहा-पंधरा रुपये जास्त. अठरा दिवसांतली सगळ्यात भारी खरेदी. पूर्वी बायकोनं एकदा सोललेला लसूण आणला तर मी म्हटलं होतं, "एवढंही होत नाही का घरी?" आता ते वाक्य आठवलं की लाज वाटते.

गल्लीतल्या काकूंच्या भाकऱ्या. सांगून ठेवल्या की संध्याकाळी सातला गरम मिळतात. त्याच्याबरोबर घरचा ठेचा, दही आणि कुकरला लावलेली आमटी. पोरांनी ताट चाटून पुसून ठेवलं.

आणि शेवटची वस्तू, खाण्याची नाही. फिरकीचा मॉप. बायको दोन वर्षं मागत होती. मी म्हणायचो, "फडकं आहे की. बसून पुसलं की व्यायाम होतो." मी तीन दिवस बसून फरशी पुसली. चौथ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी शटरसमोर उभा होतो.

मित्रांनो, या सगळ्या प्रकरणात मला हाच मॉप सगळ्यात जास्त टोचतोय. वस्तू तीच, पैसे तेच. तिची कंबर दुखत होती तेव्हा ती चैन होती. माझी दुखली तेव्हा ती गरज झाली.

आपल्याकडं 'सोय' या शब्दाचा वाद असाच चालतो. जिला राबायचंय तिला कुणी विचारत नाही. ज्याला ताटावर बसायचंय तो संस्कारांवर बोलतो.

केंद्र सरकारचं वेळेच्या वापराचं सर्वेक्षण आहे, २०२४ चं. घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात. पुरुषाची ८८. आणि ही ८८ मिनिटंसुद्धा फक्त त्या पुरुषांची, ज्यांनी त्या दिवशी घरातलं काही तरी काम केलं. असे पुरुष चारातला जेमतेम एक. बाकीचे तिघं बहुतेक मेळाव्यात भाषण ऐकत होते.

आता दुसरी बाजू. "पण पूर्वीच्या बायका सगळं हातानं करायच्याच की!" हे वाक्य मी आईसमोर मुद्दाम म्हणून बघितलं. आईचं वय पंच्याहत्तर. ती खुर्चीत बसून माझ्या पोळ्यांचे नकाशे बघत होती. म्हणाली,

"आम्ही काय हौसेनं दळत हुतो व्हय? गिरण नव्हती म्हणून दळत हुतो. गिरण आली तवा आळीतनं पहिली मीच गेले डबा घेऊन. तुझी आजी म्हणली, गिरणीच्या पिठाला चव न्हाई. म्हणलं, आत्या, चव न्हाई तर न्हाई, पर माझं हात ऱ्हायलं."

यावर काय बोलणार?

जातं गेलं, गिरण आली. उखळ गेलं, चटणी डंकावर जाऊ लागली. पापड बाहेरून आले. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. आज घराघरात ते पापड तळताना कुणाचे संस्कार बुडत नाहीत. आणि उन्हाळ्यात अंगणात वाळत घातलेल्या शेवया, कुरडया, सांडगे म्हणजे काय होतं? ऐन वेळी पाहुणा आला तर पाण्यात टाकायची, तेलात सोडायची सोयच होती. फरक एवढाच, की ती सोयही त्याच बाईनं, भर उन्हात, फुकट करून ठेवलेली असायची. म्हणून ती संस्कृती. आज तीच बाई पैसे देऊन सोय विकत घेते, म्हणून ती आळशी.

माझं म्हणणं पाकीट चांगलं असं नाही. रोज नूडल्स, रोज कुरकुरे, रोज बिस्किट हे पोरांच्या जिवावर येणार आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मधल्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट सांगितलंय. पण सोयीच्या दोन जाती आहेत, त्या वेगळ्या करा. एक सोय कष्ट कमी करते: निवडलेली मेथी, सोललेला लसूण, दळलेलं पीठ, कुणीतरी थापलेली भाकरी. दुसरी सोय मीठ, साखर आणि तेल यांच्या जोरावर जिभेला बांधून ठेवते आणि वर ज्वारीचं कणीस छापते. सगळ्याला 'पाकीट' म्हणून झोडलं की दुसरी जात पहिलीच्या आडोशाला सुखात राहते.

आणि त्या खोट्या कणसाचा जाब आईला कशाला विचारता? पाकिटावरची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत दिली की कायद्याचं समाधान होतं, मराठी ऐच्छिक आहे. माझ्या आईला मराठी वाचता येतं. मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरातलं सोडियम तिनं कसं शोधायचं? चिली देशात २०१६ पासून पाकिटाच्या पुढच्या बाजूला काळा ठसा असतो: सोडियम जास्त, साखर जास्त. न शिकलेल्या माणसालाही कळतं. आपल्याकडं २०२२ मध्ये त्याऐवजी तारे देण्याचा मसुदा निघाला, म्हणजे वाईटालाही एखादा तारा! एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुढच्या बाजूच्या इशाऱ्याबाबत तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितल्या, मग मुदत वाढवून दिली. मेळाव्यात गरजणाऱ्या एकाही वक्त्याच्या तोंडून मी हा विषय ऐकलेला नाही. कंपनीला विचारायला हिंमत लागते, आईला बोलायला माईक पुरतो.

सरकारला तर पाकीट केव्हाच पटलंय. २०२० मध्ये कर्नाटकातल्या जीएसटी प्राधिकरणानं परोटा म्हणजे रोटी नव्हे असं ठरवून त्याला १८ टक्क्यांत घातलं होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकिटातल्या चपाती-पराठ्यावरचा जीएसटी शून्य झाला. लेबल लावलेल्या पाकीटबंद आट्यावर मात्र ५ टक्के आहेतच. म्हणजे पीठ आणून घरी लाटा, तर कर; लाटलेली आणा, तर माफ! आणि भाषण कुणाला? आईला.

आता आपल्या तालुक्याचं. आपल्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे, अभिमानानं सांगतो आपण. पण घेवडा रात्री भिजत घालायला विसरलं की दुसऱ्या दिवशी उसळ नाही. घरी येताना सहा वाजता भिजवलेला, उकडलेला घेवडा कोरेगावात कुठं मिळतो? मला मिळाला नाही. बाहेरच्या राज्यातून आलेलं राजम्याचं पाकीट मात्र तीन दुकानांत मिळालं. घेवडा आपला, पोत्यानं जाणार. सोय दुसऱ्याची, पाकिटानं येणार. आणि मधला पैसा आपल्या कुणाच्याच हातात नाही. तालुक्यात बचत गट आहेत, त्यांना वर्षातून एकदा प्रदर्शनात टेबल देऊन फोटो काढतो आपण. त्यांना रोजचं गिऱ्हाईक द्या की.

म्हणून तीन गोष्टी सरळ मागतो.

एक, नगरपंचायतीनं एसटी स्टँडच्या आसपास संध्याकाळी पाच ते आठ बचत गटांसाठी ओटे द्यावेत. भाकरी, निवडलेली भाजी, भिजवलेली कडधान्यं, उकडलेला घेवडा. कामावरून उतरणारी बाई, आणि बाप्यासुद्धा, तिथून पिशवी भरून घरी जाईल.

दोन, आमदार-खासदार मतं मागायला येतात तेव्हा विचारा: पाकिटाच्या पुढच्या बाजूला, मराठीत, मोठ्या अक्षरात मीठ-साखरेचा इशारा कधी येणार?

तीन, पुढच्या पालक मेळाव्यात ज्यांना संस्कारांवर बोलायचंय, त्यांनी आधी आठ दिवस घरचा डबा स्वतः करावा. मग माईक घ्यावा. मी स्वतः बातमी लावतो, फोटोसकट.

बायको मिरजेहून परत आली तेव्हा मी उत्साहानं मॉप दाखवला. तिनं तो हातात घेतला, एकदा फिरवून बघितला आणि एवढंच म्हणाली, "चांगलाय. आता रविवारची फरशी तुमची."

तिला मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं. गेले सहा रविवार फरशी माझ्याकडं आहे आणि बुधवारचा रात्रीचा स्वयंपाकही. भाकरी अजून गोल येत नाही. ती काकूंकडून आणतो.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली लिहा, पण लिहिण्याआधी एवढंच सांगा: आज रात्रीची भांडी तुमच्या घरी कोण घासणार आहे?